परगावाहून पेढीचा संगणक : वाट कोठे काढावी व कोठे काढू नये



व्यापाऱ्याचे शरीर प्रवासात आणि मन पेढीवर, ही स्थिती आपल्या समाजास नवी नाही. मालक खरेदीसाठी सांगली-कोल्हापूरकडे गेला, वसुलीसाठी घाट उतरून म्हापसा-मडगावास गेला, अथवा कुटुंबासह शिखरजीच्या यात्रेस निघाला, तरी कोणाचे किती येणे राहिले, कोणाचा माल रवाना झाला, कोणाची रक्कम खात्यात पडली, हा विचार त्याची पाठ सोडीत नाही. पूर्वी दिवाणजी रोजमेळाचा गोषवारा टपालाने धाडीत. पुढे रात्री दूरध्वनीवरून शिल्लक सांगण्याची चाल पडली. आता रोजमेळ, खतावणी, बीजके आणि मालाचा साठा ही सारी संगणकात गेली आहेत. तेव्हा परगावी बसून तो संगणकच समोर असल्याप्रमाणे चालविता येईल काय, असा प्रश्न व्यापाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक होय.

तसे चालविता येते, आणि त्यास मोठा खर्चही लागत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची पेढी राहत्या घराच्या तळमजल्यावर अथवा घरातीलच एका खोलीत असते. इंटरनेटची जोडणी घरची, राउटर घरचा, आणि हिशेबाचा संगणकही त्याच राउटरवर. अशा घरगुती जोडणीतून पेढीच्या संगणकापर्यंत बाहेरून पोहोचण्याचे मार्ग दोन-तीन आहेत. त्यांतील जो सर्वांत सोपा दिसतो तोच सर्वांत घातक आहे, हे स्पष्ट करावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ही गोष्ट आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ती आम्हांस किंमत मोजून शिकावी लागली.

आमच्या पेढीवर गुदरलेला प्रसंग

सन २०२० च्या टाळेबंदीत आमची पेढी काही आठवडे बंद होती. दिवाणजी आपल्या घरी आणि आम्ही आमच्या घरी अडकलो. व्यवहार मात्र अगदीच थांबले नव्हते. जुनी येणी वसूल करावयाची होती, कराची विवरणपत्रे भरावयाची होती. एका माहितगार तरुणाने येऊन अर्ध्या तासात राउटरमध्ये काही बदल करून दिला आणि दिवाणजींना आपल्या घरून पेढीचा संगणक दिसू लागला. आम्हांस मोठे कौतुक वाटले. परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, कोणता ठेवावा असे त्याने विचारले. सर्वांच्या सहज लक्षात राहावा म्हणून आम्ही पेढीचे नाव व त्यापुढे एक, दोन, तीन हे आकडे सांगितले. ही चूक त्या तरुणाची नव्हे, आमची.

नऊ-दहा महिने सर्व सुरळीत चालले. जानेवारी २०२१ च्या अखेरीस एका सकाळी दिवाणजींनी संगणक उघडला, तो हिशेबाची एकही फाईल उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढे एक चमत्कारिक शेपूट लागले होते, आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची मागणी होती. संगणकास कायम जोडून ठेवलेली जी नकलेची डिस्क होती तिचीही तीच गत झाली. संगणकाच्या नोंदवहीत जे काही शिल्लक होते ते पुढे जाणकाराकडून पाहून घेतले, तेव्हा चुकीच्या परवलीने आत शिरण्याच्या प्रयत्नांच्या नोंदी पानेच्या पाने निघाल्या. कोणी एक मनुष्य आमच्यावर डोळा ठेवून बसला होता असे नाही. यंत्रेच रात्रंदिवस दार ठोठावीत होती, आणि एके दिवशी त्यांना बरोबर शब्द सापडला.

आमचे दैव इतकेच बलवत्तर, की दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी हिशेबाची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती वह्यांबरोबर पूजेत मांडली होती आणि पाडव्यास तिजोरीत ठेवली होती. ती कशासही जोडलेली नव्हती, म्हणून वाचली. पाडव्यापासून त्या दिवसापर्यंतचे सुमारे अडीच महिन्यांचे व्यवहार कागदी बीजकांवरून, बँकेच्या उताऱ्यांवरून आणि ग्राहकांस विचारून पुन्हा भरावे लागले. दिवाणजी व घरची दोन मुले दीड महिना त्या कामास जुंपली होती. खंडणी आम्ही दिली नाही. परंतु ज्यांच्याकडे उधारीचा पुरावा राहिला नाही अशी काही येणी बुडाली ती बुडालीच. काही जुन्या ग्राहकांनी मात्र आपले देणे आपण होऊन सांगितले. त्यांचे ऋण आम्ही विसरणार नाही.

राउटर म्हणजे वाड्याची देवडी

झाले काय हे समजण्यासाठी राउटरचे काम समजून घेतले पाहिजे. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीस एक पत्ता असतो. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपी आवृत्ती ४ च्या, पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. जगातील संगणक व मोबाइल यांना ती पुरत नाही. म्हणून सेवापुरवठादार एका घरास एकच बाहेरचा पत्ता देतो, आणि घरातील संगणक, मोबाइल, छपाईयंत्र यांना राउटर आपले आतले पत्ते वाटतो. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते अशाच आतल्या वापरासाठी राखून ठेविलेले आहेत. आपल्या शेजाऱ्याच्या घरीही १९२.१६८.१.५ असू शकतो आणि आपल्याही घरी. बाहेरच्या रस्त्यावर त्या पत्त्यास काही अर्थ नाही.

जुन्या वाड्याचे उदाहरण घ्या. वाड्यास पत्ता एकच, आत खोल्या अनेक, आणि दारात देवडी. आतल्या मनुष्याने बाहेर पत्र धाडले की देवडीवाला आपल्या टाचणवहीत नोंद करतो, आणि उत्तर आले म्हणजे ते बरोबर त्याच खोलीत पोहोचवितो. परंतु आतून कोणी काही विचारले नसता बाहेरून जर कोणी अनोळखी आला, तर त्यास कोणत्या खोलीत न्यावे हे देवडीवाल्यास ठाऊक नसते, म्हणून तो त्यास परत लावतो. घरचा राउटर नेमके हेच करतो. आपण परगावाहून घरच्या पत्त्यावर हाक मारली तरी राउटरच्या दृष्टीने आपणही अनोळखीच.

आता संगणकाकडे वळू. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीत 'रिमोट डेस्कटॉप' नावाची सोय आहे. तिचे मूळ १९९८ सालच्या विंडोज एनटीच्या एका विशेष आवृत्तीत असून २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून ती सामान्य कचेऱ्यांत पोहोचली. या सोयीने पेढीच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर येतो आणि आपल्या कळफलकाचे ठोके तिकडे जातात. हिशेबाची वही जागची हलत नाही, म्हणून मध्यम वेगाच्या जोडणीवरही काम चालते. एका जोडणीवर अनेक सेवा चालतात. त्यांतील प्रत्येकीस ओळखण्यासाठी 'पोर्ट' म्हणून एक क्रमांक असतो. त्यास खोलीचा क्रमांक समजावे. रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला क्रमांक ३३८९ आहे.

सोपी वाट आणि तिच्यातील धोका

सोपी वाट ती हीच, की राउटरच्या 'पोर्ट फॉरवर्डिंग' या पानावर जाऊन देवडीवाल्यास कायमची आज्ञा देणे : '३३८९ असे सांगत जो कोणी येईल त्यास थेट हिशेबाच्या खोलीच्या दारात आणून उभा कर.' आमच्या राउटरमध्ये हाच बदल केला होता. यानंतर आपल्यास आत जाता येते हे खरे. परंतु 'जो कोणी' या शब्दांत सारे जग येते.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या जगात आमच्या लहानशा पेढीचा पत्ता कोणास सापडणार? हा भ्रम आम्हांसही होता. सन २०१३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाची आज्ञावली तयार केली. जलद जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून, जुन्या पद्धतीच्या सर्व सार्वजनिक पत्त्यांवर एखादा पोर्ट उघडा आहे किंवा नाही, हे ४५ मिनिटांच्या आत तपासता येते असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा पत्ता शोधण्याचा प्रश्नच उरत नाही; चोर गल्लीगल्लीने नव्हे, सर्व जगाच्या दारांवरून एका तासात फिरून येतो.

दुसरे असे, की परवलीचा शब्द कठीण ठेवला म्हणजे काम झाले असेही नाही. मे २०१९ मध्ये विंडोज ७ व त्याहून जुन्या काही आवृत्त्यांच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' या नावाने प्रसिद्ध झालेला दोष उघडकीस आला. त्यातून परवलीच्या शब्दाशिवायही आत शिरणे शक्य होते. धोका इतका मोठा होता, की ज्याचा पाठिंबा केव्हाच संपला होता त्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती प्रसिद्ध केली. कुलूप मजबूत असले तरी चौकटच पोखरलेली असेल तर काय उपयोग?

३३८९ ऐवजी दुसरा एखादा क्रमांक बाहेर ठेवावा असेही काही जण सुचवितात. त्याने ठोठावणाऱ्यांची गर्दी कमी होते, परंतु क्रमांक एकंदर ६५,५३५ च आहेत आणि शोधणारे यंत्र थकत नाही. यास संरक्षण म्हणता येणार नाही.

प्रथम संगणकाची तयारी

वाट कोणतीही धरली तरी पेढीच्या संगणकाची सिद्धता आधी करावी. तिच्या पायऱ्या अशा :

१. संगणकावरील विंडोज 'प्रो' आवृत्तीचे आहे काय ते पाहावे. 'होम' आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकात जाता येते, परंतु होम आवृत्तीच्या संगणकात या सोयीने बाहेरून येता येत नाही. आवृत्ती जुनी असू नये. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

२. 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टिम', त्यात 'रिमोट डेस्कटॉप' हे पान उघडून सोय चालू करावी. पडदा दाखविण्यापूर्वीच येणाऱ्याची ओळख पटविणारी 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन' ही अट तेथे असते. ती काढू नये.

३. परगावाहून काम करणाऱ्यासाठी स्वतंत्र साधे खाते काढावे व त्याचे नाव रिमोट डेस्कटॉपच्या यादीत घालावे. संगणकात वाटेल तो बदल करण्याचा अधिकार असलेले खाते या कामी वापरू नये. परवलीचा शब्द लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केला तर तो लक्षातही राहतो. संगणकासमोर बसून वापरावयाचा चार अंकी पिन येथे चालत नाही, आणि कोऱ्या परवलीच्या खात्यासही विंडोज बाहेरून प्रवेश देत नाही.

४. संगणकाचा आतला पत्ता कायम राहील अशी व्यवस्था राउटरमध्ये करावी. 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या नावाचे पान त्यासाठी असते. हे न केल्यास वीज जाऊन आल्यावर संगणकास निराळा पत्ता मिळतो, आणि परगावी बसलेल्या मालकास 'सोय बिघडली' असे वाटते.

५. संगणक झोपी जाणार नाही असे विजेच्या सेटिंगमध्ये करावे. वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू व्हावा ही निवड बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये असते. इन्व्हर्टरवर संगणकाबरोबर राउटरही घ्यावा. हे पुष्कळजण विसरतात.

६. राउटरच्या स्वतःच्या पानाची परवली विकत घेताना असते तीच ठेवू नये. आतील यंत्रांना आपणहून दारे उघडू देणारी 'यूपीएनपी' ही सोय बंद करावी, आणि राउटरचे पान बाहेरून उघडण्याची सोयही बंदच असू द्यावी.

एवढे झाल्यावर घरातल्या घरात दुसऱ्या संगणकावरून आतल्या पत्त्याने जोडून पाहावे. येथे जमले नाही तर बाहेरून जमणार नाही. म्हणून ही परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत राउटरला हात लावू नये.

योग्य वाट : देवडीतच ओळख

आमच्या मते घरगुती पेढीस योग्य वाट 'व्हीपीएन'ची, म्हणजे आभासी खासगी जाळ्याची. हिशेबाच्या खोलीचे दार रस्त्यावर उघडण्याऐवजी देवडीतच ओळख पटवावयाची, आणि ज्याची ओळख पटली त्यासच आत घ्यावयाचे. एकदा आत आल्यावर आपला प्रवासातला संगणक जणू घरच्याच जाळ्यात बसला आहे असे होते, आणि मग रिमोट डेस्कटॉप नेहमीच्या आतल्या पत्त्याने चालतो. मधल्या रस्त्यावर सर्व मजकूर सांकेतिक रूपात जातो.

या कामासाठी दोन पद्धती विशेष प्रचारात आहेत. ओपनव्हीपीएन ही २००१ पासूनची. वायरगार्ड ही नवी, जी मार्च २०२० मध्ये लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाली. वायरगार्ड मांडण्यास सोपी आहे, म्हणून तिचीच रीत येथे देतो.

वायरगार्डमध्ये परवलीचा शब्द नसतो. प्रत्येक यंत्राजवळ किल्ल्यांची जोडी असते, एक गुप्त व एक प्रकट. गुप्त किल्ली त्या यंत्राजवळच राहावयाची; प्रकट किल्ली समोरच्यास द्यावयाची. राउटरच्या 'व्हीपीएन सर्व्हर' या पानावर वायरगार्ड निवडून ती चालू करावी. राउटर आपली जोडी स्वतः तयार करतो. मग जितकी यंत्रे बाहेरून येणार तितकी खाती काढावीत. प्रत्येक खात्याची माहिती फाईलच्या किंवा चौकोनी क्यूआर संकेताच्या रूपाने मिळते. मोबाइलवरील वायरगार्ड ॲपने तो संकेत टिपला की जोडणी सिद्ध होते. त्या फाईलमध्ये गुप्त किल्लीही असते, म्हणून ती व्हॉट्सॲपवरून इकडे तिकडे धाडू नये. मालकाच्या मोबाइलचे एक खाते, प्रवासी संगणकाचे दुसरे, दिवाणजींचे तिसरे, असे निरनिराळे असावे. मोबाइल हरवला अथवा नोकर सोडून गेला तर तेवढे एक खाते पुसले की काम झाले. बाकीच्यांस तोशीस नाही.

येथे चाणाक्ष वाचक विचारील, की वायरगार्डसाठीही राउटरवर एक क्रमांक, बहुधा ५१८२०, उघडा ठेवावा लागतोच. मग फरक तो काय पडला? फरक मोठा आहे. रिमोट डेस्कटॉप हाक मारणाऱ्या कोणासही उत्तर देतो आणि परवली विचारतो. त्या संवादातच ठोठावणाऱ्यास संधी मिळते. वायरगार्ड ओळखीच्या किल्लीवाचून आलेल्या हाकेस उत्तरच देत नाही. बाहेरच्यास तेथे दार आहे की भिंत हे कळत नाही. शिवाय ती किल्ली इतक्या मोठ्या संख्येची असते, की अंदाजाने ती सापडण्याची आशा व्यवहारात कोणी धरू शकत नाही.

दोन बारीक अडचणी आधीच सांगून ठेवतो. पहिली पत्त्यांच्या सारखेपणाची. पुष्कळ राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० हीच मालिका वाटतात. आपण ज्या पाहुण्यांकडे वा धर्मशाळेत उतरलो तेथेही तीच मालिका असली, तर आपला संगणक पेढीचा पत्ता त्याच इमारतीत शोधू लागतो आणि जोडणी होत नाही. म्हणून पेढीच्या राउटरची मालिका प्रारंभीच बदलून १९२.१६८.४७ अशी एखादी कमी प्रचारातली ठेवावी. दुसरी अडचण परीक्षेची. घरच्याच वाय-फायवर बसून बाहेरून येण्याची परीक्षा करू नये. तिचा निकाल फसवा असतो. मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइलच्या इंटरनेटवरून परीक्षा करावी.

बाहेरचा पत्ताच नसेल तर

सर्व मांडणी बिनचूक करूनही जोडणी होत नाही असा अनुभव कित्येकांस येतो. त्याचे कारण बहुधा सेवापुरवठादाराकडे असते. पत्त्यांची टंचाई असल्यामुळे अनेक पुरवठादार शेकडो घरांस मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणजे आपल्या देवडीपुढे साऱ्या पेठेची आणखी एक देवडी असते, आणि तेथील पहारेकरी आपला नव्हे.

हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. राउटरच्या स्थितिदर्शक पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या शीर्षकाखाली जो पत्ता दिसतो तो टिपून घ्यावा. मग आपला बाहेरचा पत्ता दाखविणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर पाहावे. दोन्ही सारखे असले तर ठीक. निराळे असले, विशेषतः राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असला, तर ही दुहेरी देवडी समजावी. अशा वेळी तीन उपाय आहेत. पुरवठादाराकडून शुल्क भरून कायमचा पत्ता घ्यावा, हा पहिला. दुसरा, टेलस्केलसारखी सेवा वापरावी. ती वायरगार्डवरच उभारलेली असून दोन्ही बाजूंनी आतून बाहेर जोडणी करविते, म्हणून राउटरवर कोणतेही दार उघडावे लागत नाही. तिसरा उपाय म्हणजे एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा गूगलचा क्रोम रिमोट डेस्कटॉप यांसारख्या मध्यस्थामार्फत जाणे. ज्यांचा संगणक होम आवृत्तीचा आहे त्यांसही हे चालते.

मध्यस्थाच्या या साधनांविषयी एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. बँकेतून अथवा वीज कंपनीतून बोलतो असे सांगून, असले ॲप आपल्या यंत्रात घालावयास लावून पैसे काढून नेणारे भामटे देशभर आहेत. आपण होऊन ज्यास बोलाविले नाही त्यास त्या ॲपवरचा क्रमांक कधीही सांगू नये. घरातील वडीलधाऱ्यांस हे आजच सांगून ठेवावे.

बाहेरचा पत्ता आहे परंतु तो दर काही दिवसांनी बदलतो, अशीही स्थिती असते. त्यास 'डायनॅमिक डीएनएस' हा उपाय. पुष्कळ राउटर ही सोय देतात. पत्ता बदलला तरी ठरलेले नाव तेच राहते, आणि वायरगार्डमध्ये आकड्यांऐवजी ते नाव घालावयाचे.

आधी छिद्र बुजवावे

आमच्यासारखी मांडणी ज्यांच्याकडे आज चालू आहे त्यांस आमचे विशेष सांगणे आहे. आपल्या शास्त्रकारांनी आस्रव व संवर समजाविताना नावेचा दृष्टांत दिला आहे. नावेस छिद्र पडले असता आधी ते बुजवावे, मग आत आलेले पाणी उपसावे; छिद्र तसेच ठेवून उपसत बसणे व्यर्थ. या ऐहिक विषयातही क्रम तोच आहे. लेख वाचून झाल्यावर राउटरचे पान उघडा, ३३८९ ची किंवा तिच्यासाठी घातलेल्या दुसऱ्या क्रमांकाची आज्ञा तेथे आहे काय पाहा, आणि असल्यास आजच पुसून टाका. दोन दिवस दिवाणजींची गैरसोय झाली तरी चालेल. मग सर्व परवलीचे शब्द बदलावेत, अनोळखी खाते कोणी काढून ठेवले आहे काय ते पाहावे, आणि संगणक जाणकाराकडून तपासून घ्यावा. व्हीपीएनची मांडणी त्यानंतर सावकाश करावी.

दुर्दैवाने फाईली कुलुपबंद झाल्याच, तर प्रथम राउटरची तार काढावी. नकलेची डिस्क घाईने त्या संगणकास जोडू नये. नाहीतर तीही जाईल. सायबर गुन्ह्यांसाठीच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. शासनाची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून या विषयात काम करीत आहे. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशाप्रमाणे अशा घटनेची माहिती ध्यानात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळवावयाची असते.

नकलेविषयी शेवटचे दोन शब्द. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक पेढीच्या वास्तूबाहेर असावी, असा सर्वमान्य नियम आहे. आम्ही त्यास आपल्या अनुभवाची एक पुरवणी जोडतो : एक प्रत तरी कशासही न जोडता तिजोरीत पडून असावी. आमच्या पेढीवर आता दर शनिवारी दिवाणजी दोन डिस्कांपैकी एक तिजोरीतून काढून तीवर नक्कल घेतात, ती लागलीच सोडवून परत ठेवतात, आणि पुढच्या शनिवारी दुसरी घेतात. तीन महिन्यांतून एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतात. उघडत नसलेली नक्कल असून नसल्यासारखीच. वस्तु व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा ही काळजी केवळ आपल्या सोयीची बाब राहिलेली नाही.

वही ही व्यापाऱ्याची साक्ष आहे. तिच्यात आपले येणे असते तसे दुसऱ्याचे देणेही असते. कोणी विधवा भगिनीने पेढीवर ठेविलेली ठेव असते, कोणा शेतकऱ्याच्या मालाची बाकी असते. ती हरवली तर नुकसान आपल्या एकट्याचे होत नाही. म्हणून परगावाहून वही पाहण्याची सोय अवश्य करावी, परंतु हिशेबाच्या खोलीचे दार रस्त्यावर काढू नये. ज्या बंधूंना मांडणीत अडचण येईल त्यांनी आपल्या राउटरच्या 'वॅन' पत्त्याची व आवृत्तीची टीप घेऊन संघाच्या कार्यालयात यावे. जे आम्हांस ठाऊक आहे ते दाखविण्यास आम्ही सदैव तत्पर आहोत. या कामी आमची चूक दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडली, तर ते अडीच महिने अगदीच वाया गेले नाहीत असे आम्ही समजू.